नुसतं पाणी मारलेला वाफा

मक्याचं कणीस सोललं की टोकाशी मऊ, चिकट केसांचा झुपका हाताला लागतो. आपण तो ओढून टाकून देतो, कारण आपलं सगळं लक्ष दाण्यांवर. पुढच्या वेळी टाकायच्या आधी त्यातला एक केस चिमटीत धरा आणि तो आत कुठे जातो ते हळूहळू बघत जा. तो बरोबर एका दाण्यापाशी जाऊन संपेल. शेजारचा केस शेजारच्या दाण्यापाशी. प्रत्येक दाण्याला स्वतःचा एक केस! तुऱ्यातून उडालेला परागकण केसाच्या बाहेरच्या भागावर पडला की त्यातून एक अतिबारीक नळी निघते, केसाच्या आतून वाढत वाढत थेट खाली पोचते, आणि मगच तिथे दाणा धरतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या वाट्याची जागा रिकामी. म्हणून ऐन परागाच्या दिवसांत कुणी हे केस कुरतडले, तर कणीस निघतं ते पहिलीतल्या पोराच्या हसण्यासारखं, मधूनमधून दात पडलेलं.

हे कुरतडणारं कोण? एक म्हणजे घाटे अळी. हरभऱ्याचे घाटे, तुरीच्या शेंगा, टोमॅटो, कापसाची बोंडं, सगळं तिला चालतं आणि मक्याचे केसही चालतात. दुसरी तिच्याहून खादाड: अमेरिकन लष्करी अळी. आजची गोष्ट मुख्यतः हिची. तिची आणि तिला मारायला निघालेल्या माणसांची.

साध्या मक्याच्या कणसाचं टोक अळीनं खाल्लं तरी शेतकरी उरलेले दाणे काढून विकतो. स्वीट कॉर्नचं तसं नाही. ते अख्खं कणीस म्हणूनच बाजारात जातं. त्याच्या दाण्यात एका जनुकाच्या फरकामुळे साखरेचा स्टार्च व्हायचं काम रखडतं, म्हणून तो गोड राहतो. आणि दाणा दुधाळ असतानाच कणीस तोडतात. घेणारा माणूस वरचं साल जरा बाजूला करून बघतो. आत अळी वळवळली की कणीस परत टोपलीत. त्याच माणसाला हेही हवं असतं, की दाण्यावर औषधाचा अंश नको. अळीही नको आणि औषधही नको! शेतकऱ्यानं करायचं काय?

जरा थांबा, आधी पाहुणीची ओळख करून घेऊ.

ही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. २०१६ साली ती पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोन वर्षांत बहुतेक आफ्रिका पालथी घालून मोकळी झाली. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्गा भागातल्या मक्यावर शास्त्रज्ञांना ती दिसली. भारतातली ही पहिली नोंद. त्याच वर्षी पावसाळा संपता संपता ती महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यात होती, आणि मक्यावर न थांबता उसावरही चढली होती. (ऊस म्हटल्यावर कोल्हापूरकरांचे कान टवकारले असणार. पण तिचा जीव खरा मक्यावर.) पुढे २०१९ मध्ये चीन, २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया. हे सगळं अळीनं चालत केलं नाही, हे सांगायला नको. अळीचं पाखरू होतं, आणि हे करडं, दिसायला अगदीच साधं पाखरू वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतं. शिवमोग्ग्याहून कोल्हापूर मग कितीसं लांब?

मादी पानावर एका पुंजक्यात शे-दोनशे अंडी घालते आणि वर स्वतःच्या अंगावरची लव पसरते. बघणाऱ्याला वाटतं, पानाला बुरशी लागली. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर. ती बारीक धागा सोडून लोंबकळतात, वारा आला की शेजारच्या झाडावर. आता गंमत बघा. शेकड्यांनी निघालेल्या या अळ्या, पण दोन आठवड्यांनी झाड उघडून पाहिलं तर आत बहुधा एकच लठ्ठ अळी बसलेली असते. बाकीच्या गेल्या कुठे? काही वाऱ्यानं गेल्या, काही मुंग्या-कोळ्यांनी नेल्या आणि बऱ्याचशा तिनंच खाल्ल्या. हो, सख्ख्या बहिणी! एका झाडात दोन मोठ्या अळ्या सहसा नांदत नाहीत.

ती बसते कुठे? मक्याच्या मधोमध नवी पानं एकात एक गुंडाळलेली वर येतात, त्या सुरळीला शेतकरी पोंगा म्हणतात. लष्करी अळीचा मुक्काम या पोंग्यात. दिवसा आत दडायचं, संध्याकाळ झाली की चरायला यायचं. लहान असते तेव्हा ती पानाचा हिरवा भाग खरवडून खाते आणि खालचा पातळ पापुद्रा तसाच सोडते. पानावर चकचकीत खिडक्या दिसतात. मोठी झाली की आरपार भोकं. ही भोकं मात्र विचित्र असतात. पान उलगडलं की आडव्या ओळीत, जवळजवळ एकाच मापाची, मोजूनमापून पाडल्यागत. अळीला कुणी फूटपट्टी दिली?

घरी करून बघा. जुन्या वहीचा कागद घ्या, त्याची घट्ट सुरळी करा आणि टाचणीनं एकदाच आरपार टोचा. आता कागद उलगडा. एकदा टोचलंत, पण भोकं किती पडली? अळी गुंडाळलेल्या पानातून एकदाच वाट काढते, पान उलगडलं की तिचा तोच घास रांगेनं उमटतो. शेतकऱ्याला ही रांग दिसते तेव्हा अळी बहुतेक मोठी झालेली असते.

आणि मोठी होणं हीच भानगड आहे. अळी सहा टप्प्यांत वाढते, दर टप्प्याला कात टाकते. जन्मभरात जेवढं खाते त्यातलं पाऊण हिस्स्याहून जास्त एकट्या शेवटच्या टप्प्यात खाते. शिवाय तोवर तिनं पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी दिसणारी ओली विष्ठा इतकी साठवलेली असते, की वरून मारलेलं औषध त्या बुचावरच अडतं आणि बाईसाहेब खाली सुखात.

आता चला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीला. खरोखरीच नाही, मनातल्या मनात. तालुक्याच्या पश्चिमेला आंबा घाट आणि विशाळगड, तिकडे पाऊस म्हणजे नुसता कोसळतो. पूर्वेला बांबवडे-सरूडकडे येता येता तो उतरत जातो. जमीन बरीचशी चढउताराची. भात आणि ऊस ही इथली मोठी पिकं, मधूनमधून मका. समजा, अशाच एका उतारावरच्या तुकड्यात आबांनी स्वीट कॉर्न लावलाय. पोंग्यात अळी दिसली. आबांनी दुकानातून एक औषध आणलं, पाठीवरचा पंप भरला, मारलं. चार दिवसांनी पोंगे उघडले तर अळ्या दिसेनात. आबा खूश.

“औषिद लई भारी! चार दिसांत अळीचा खेळ खलास!”

तुम्ही काय म्हणाल? औषधानंच अळी मेली?

मधल्या चार दिवसांत काय काय झालं असेल, ते आठवून बघू. एका रात्री शाहूवाडीचा पाऊस झोडपून गेला असेल. अशा पावसात पोंग्यात पाणी साचतं आणि लहान अळ्या बुडतात, वाहून जातात. काही अळ्यांचं खाणं पुरं झालं असेल आणि त्या कोष करायला मातीत उतरल्या असतील. त्या मेल्या नाहीत. आठवड्या-दीड आठवड्यानं पाखरू होऊन परत येतील! काहींना पक्ष्यांनी उचललं असेल, काही बहिणींच्या पोटात गेल्या असतील.

आणि अजून एक उमेदवार आहे, माझा सगळ्यात आवडता. मेटारायझियम रिलेई नावाची एक बुरशी. हवेत भरपूर ओल असली की हिचे बीजाणू अळीच्या कातडीला चिकटतात, तिथेच रुजतात आणि कातडी फोडून आत शिरतात. आत बुरशी वाढत जाते. अळी सुस्तावते, बऱ्याचदा पानाच्या वरच्या बाजूला येऊन तिथेच कडक होऊन चिकटते. आधी अंग पांढरं पडतं, मग त्यावर फिकट हिरवी भुकटी येते. वारा आला की भुकटी उडते आणि पुढच्या अळीकडे निघते. पावसाळी हवेत ही साथ फोफावली, तर माणसानं काही न करताही शेतातल्या पुष्कळ अळ्या आटोपतात. आबांच्या शेतात हीच साथ आली असेल तर? सगळं काम बुरशीनं केलं आणि शाबासकी बाटलीला!

याचा उलगडा करायचा एकच रस्ता आहे. शेताचा एक तुकडा असा ठेवायचा, जिथे बाकी सगळं तेच: तेच बियाणं, तीच लावण, तोच पाऊस, तीच बुरशी, तेच पक्षी. फक्त औषध नाही. तिथे पंपात नुसतं पाणी भरून फवारायचं. पाणी तरी कशाला? कारण फवाऱ्याचा मारा, पानांची हलवाहलव, पोंग्यात साचणारं पाणी यांनीही काही अळ्या जातात. तेवढा भागही सारखा राहायला हवा. शेतीच्या शास्त्रज्ञांच्या वहीत या तुकड्याचं नाव ‘नियंत्रण’. दिसायला तो सगळ्यात केविलवाणा असतो, पानांची चाळण झालेली. रस्त्यानं जाणारे विचारतात, ‘यांना एवढंच औषध कमी पडलं का हो?’ पण हा तुकडा काढून टाका, आणि बाकीच्या तुकड्यांमधल्या आकड्यांना काडीची किंमत उरत नाही.

बरं, मग एक तुकडा औषधाचा आणि एक पाण्याचा, झालं काम? नाही ना! आबांचं शेत उतारावर. वरच्या अंगाला पाणी निचरतं, माती हलकी. खालच्या अंगाला पाणी साचतं, मका पिवळा. औषधाचा तुकडा वर आणि पाण्याचा खाली पडला, तर फरक औषधाचा की उताराचा? म्हणून शेत आधी उताराला आडव्या पट्ट्यांमध्ये वाटायचं: वरची पट्टी, मधली, खालची. समजा सहा औषधं तपासायची आहेत आणि सातवं पाणी. प्रत्येक पट्टीत सात वाफे पाडायचे, म्हणजे सातही उपाय वरही येतील, मध्येही आणि खालीही. एकूण २१ वाफे. पट्टीत कुठला वाफा कुणाला, हे आपण ठरवायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या! आपण ठरवायला गेलो तर आवडत्या औषधाला नकळत बरा वाफा देऊन बसतो. माणसाचं मन असं लबाड असतं, शास्त्रज्ञाचं सुद्धा.

ही चिठ्ठ्यांची शिस्त सुमारे शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं पक्की केली. आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत ती पोचवण्यात एका सातारकराचा मोठा हात आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांनी आणि विनायक गोविंद पानसे यांनी मिळून शेतीत काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, ते १९५४ साली निघालं. कुणा ताई-दादानं कृषी महाविद्यालयात प्रबंध लिहिला असेल तर ‘पानसे-सुखात्मे’ म्हणून बघा, चेहराच सांगेल. कोल्हापुरातही कृषी महाविद्यालय आहे, आणि अखिल भारतीय मका संशोधन प्रकल्पाचं एक केंद्रही आहे. मक्याचे वाफे मांडणं तिथे रोजचंच.

फवारणीच्या दिवशी आधी हिशेब. वाफा ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, म्हणजे २० चौरस मीटर. हेक्टरला ५०० लिटर पाणी लागतं असं धरलं तर या वाफ्याला किती? करून बघा, वही काढा. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. उत्तर येतं १ लिटर. आणि त्या एका लिटरमध्ये औषध किती? काही नव्या औषधांचं माप असतं ०.४ मिली! म्हणजे जेमतेम आठ थेंब. दोन थेंब इकडचे तिकडे झाले तर प्रयोग फसला. म्हणून तिथे झाकणानं किंवा अंदाजानं ओतणं चालत नाही. सुई नसलेली सिरिंज किंवा काचेची मापनळी घेतात. पंप आधी पाण्याच्या वाफ्याला वापरायचा, मग औषधाला. दर औषधानंतर टाकी, नळी, नोझल सगळं खळखळून धुवायचं. दोन वाफ्यांच्या मध्ये कापड किंवा प्लास्टिकचा पडदा धरून दोघंजण उभे राहतात, नाहीतर वाऱ्याबरोबर एकाचं औषध दुसऱ्याच्या घरात. तरीही थोडं उडतंच, म्हणून मोजणी करताना वाफ्याच्या कडेच्या ओळी सोडून देतात आणि फक्त मधली झाडं धरतात. नोझलचं तोंड पोंग्याकडे, आणि वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. भर दुपारी फवारलंत तर अळी तळघरात असते.

बाटल्यांमध्ये काय असतं, त्याच्याही गोष्टी आहेत. स्पिनोसॅड नावाचं औषध घ्या. १९८२ साली कॅरिबियन बेटांवर, रम गाळायच्या एका बंद पडलेल्या भट्टीच्या जागेतली माती एका शास्त्रज्ञानं पिशवीत भरून आणली. त्या मातीत एक अनोळखी सूक्ष्मजीव सापडला, आणि तो बनवत असलेला पदार्थ अळीच्या मज्जातंतूंचा गोंधळ उडवतो असं दिसलं. मक्यावर वापरतात ते स्पिनेटोरम याच कुळातलं. दुसरं बीटी. हा तर एक जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली रेशमाचे किडे पटापट मरायला लागले, तेव्हा इशिवाता नावाच्या संशोधकाला तो सापडला. हा जिवाणू प्रथिनाचा एक इवलासा स्फटिक बनवतो. आपल्या जठरात आम्ल असतं, तिथे त्याचं काही चालत नाही. अळीच्या आतड्यात मात्र उलट, क्षार असतो. तिथे स्फटिक विरघळतो आणि आतड्याला भोकं पडतात. अळी काही तासांत खाणं सोडते. उन्हानं मात्र बीटी लवकर निकामी होतं, म्हणून ते संध्याकाळी मारायचं. तिसरं क्लोरँट्रानिलिप्रोल. नाव घेताना जीभ अडखळते, आणि औषध अळीचे स्नायू अडवतं. स्नायू हलायला कॅल्शियम जपून, मोजकं सोडावं लागतं. या औषधानं कॅल्शियमची कोठी उघडीच राहते, अळी आखडते आणि जबडा चालेनासा होतो.

सहा वाफ्यांत सगळ्या बाटल्याच हव्यात असंही नाही. निंबोळी अर्क असतो. वाळू आणि चुना ९:१ असा मिसळून चिमूटभर पोंग्यात टाकायचा सल्लाही कृषी शास्त्रज्ञ देतात, पीक महिन्याच्या आतलं असेल तेव्हा. वाळूचे खरखरीत कण अळीच्या मऊ अंगाला नकोसे होतात. काही शेतकरी तर आमिष लावतात: १० किलो भाताचा कोंडा, २ किलो गूळ आणि दोन-तीन लिटर पाणी, एक दिवस आंबवत ठेवलेलं. कोंडा शाहूवाडीचा, गूळ कोल्हापूरचा, वासानं माणसालाही मोह व्हावा! पण पोंग्यात टाकायच्या आधी त्यात विष कालवलेलं असतं. तेव्हा शेतात गुळाचा वास आला तर दोन पावलं मागे.

मग मोजणी. फवारणीच्या आदल्या दिवशी एकदा; नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी. वाफ्यातल्या ठरलेल्या दहा झाडांना खुणेची चिठ्ठी बांधलेली असते. आता प्रश्न असा, की पडून राहिलेली अळी मेली म्हणायची की झोपली? स्नायू आखडलेली अळी जिवंत असते, पण काही करू शकत नाही. मग मऊ ब्रशनं तिला हलकेच ढोसतात. उताणी केल्यावर स्वतःहून सरळ होता आलं नाही, तर मेल्यातच जमा. पानांना गुणही देतात, १ ते ९. मात्र या परीक्षेत ९ गुण म्हणजे पोंग्याचं पार वाटोळं! गुण देणाऱ्याला शक्यतो वाफ्याचा नुसता नंबर सांगतात, आत कुठलं औषध आहे ते नाही. कारण? तेच, मघाचं लबाड मन.

आकडे आले. समजा औषधाच्या वाफ्यात १०० पैकी ८४ अळ्या गेल्या. आबा म्हणतील, चौऱ्याऐंशी टक्के! पण पाण्याच्या वाफ्यातही १०० पैकी २० गेल्यात, पावसानं म्हणा, बुरशीनं म्हणा. त्या २० औषधाच्या वाफ्यातही आपोआप गेल्याच असत्या. म्हणजे औषधापुढे खरं काम उरलं होतं ८० अळ्यांचं, आणि त्यातल्या ६४ त्यानं मारल्या. ८० पैकी ६४ म्हणजे ८० टक्के. अमेरिकेतल्या अ‍ॅबट नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९२५ साली हे गणित मांडलं, आजही तेच वापरतात. आता अजून एक समजा. पाण्याच्या वाफ्यात साथ जोरात आली आणि १०० पैकी ८० आपोआपच गेल्या. मग औषधाच्या ८४ पैकी औषधाचा वाटा किती उरला? उरलेल्या २० पैकी ४, म्हणजे २० टक्के. बाटली तीच, आकडा तोच ८४, आणि निकाल किती वेगळा! म्हणूनच एका हंगामाच्या प्रयोगावर कुणी शहाणा माणूस विसंबत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा, दुसऱ्या गावात पुन्हा.

शिवाय अळीही बदलते. हजारातली एखादी अशी असते, जिला औषध बाधत नाही. बाकीच्या मेल्या की रान तिलाच मोकळं. तिची पिल्लं, त्यांची पिल्लं... आणि महिन्या-दीड महिन्यात एक पिढी! प्वेर्तो रिको बेटावर बीटीचं प्रथिन मक्याच्या झाडातच घातलेलं होतं, तरी २००६ च्या सुमारास लष्करी अळी ते पचवून ढेकर देऊ लागली. म्हणून एकच औषध पुन्हा पुन्हा मारायचं नाही, आलटून पालटून वापरायचं.

स्वीट कॉर्नमध्ये वेळेचं गणित आणखी घट्ट. कणसाला केस आले की साधारण तीन आठवड्यांत तोडणी. शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस जायला हवेत, हे प्रत्येक औषधाच्या कागदावर छापलेलं असतं. तेवढे दिवस थांबणं परवडत नसेल तर ते औषध कितीही भारी असो, त्या वेळी उपयोगाचं नाही. त्यातच तुरा फुललेला असतो आणि परागासाठी मधमाश्या येत असतात. म्हणून चांगल्या प्रयोगात अळ्यांबरोबर ढालकिडे, कोळी आणि इतर मित्रकीटकही मोजतात. अळ्या ९० टक्के मेल्या पण कोळी एकही उरला नाही, असा वाफा मला तरी पहिला नंबर द्यावासा वाटत नाही. शेवटी कणसं तोडून वजन करतात, टोकं सोलून किडकी किती ते बघतात, आणि औषधाचा खर्च वजा करतात. पुष्कळदा अळ्या सगळ्यात जास्त मारणारं औषध इथे मागे पडतं.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घरी कुणी फवारायला निघालं तर हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आहे का ते बघा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला फवारायचं नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही. खूप जण फुंकतात! बाटलीवर एक रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य असला तरी विषच. तुम्ही पंपाच्या आसपासही फिरकायचं नाही.

तुमचं काम त्याच्या आधीचं आहे, आणि त्याला बाटली लागत नाही. मका गुडघ्याएवढा असताना सकाळी लवकर, फवारणी झालेली नाही अशा शेतात, मोठ्या माणसाला विचारून जा. वाकडीतिकडी नागमोडी चाल धरा, म्हणजे कडेचीच झाडं बघितली असं होणार नाही. पाच ठिकाणी थांबा, दर ठिकाणी दहा झाडं बघा. किती झाडांवर खिडक्या? किती झाडांवर रांगेतली भोकं? पोंग्यात ताजा ओला भुसा आहे का? अळी सापडली तर काडीनं डोकं आपल्याकडे वळवा: डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटीच्या जरा अलीकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तर ती हीच. पन्नास झाडांत दोन-तीनच किडलेली असतील तर आबांना सांगा, पंप अजून खाली काढायची घाई नको, आठवड्यानं परत मोजू. आणि पानावर पांढरी, कडक झालेली अळी चिकटलेली दिसली तर ती काढून फेकू नका. तिची भुकटी उडायची आहे अजून.